धर्म आमचा, अध्यासन त्यांचे

शिकागो हे नाव कानी पडताच मराठी मध्यमवर्गीय घरातील माणसाला ११ सप्टेंबर १८९३ हा दिवस आठवतो. सर्वधर्म परिषदेच्या व्यासपीठावर उभा असलेला भगव्या वस्त्रांतील तिशीचा संन्यासी आणि त्याच्या शब्दांनी भारावलेले सभागृह, हे चित्र आपण शाळेपासून मनात जपले आहे. त्याच शिकागो नगरीत १९९५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रकाशक होते शिकागो विद्यापीठाचे मुद्रणालय, लेखक होते त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले जेफ्री क्रायपाल, आणि विषय होता त्या संन्याशाचे गुरू श्रीरामकृष्ण परमहंस. 'कालीज् चाइल्ड' या नावाच्या त्या ग्रंथाचा मुख्य सिद्धांत असा, की परमहंसांच्या समाधी-अवस्थांचे मूळ त्यांच्या दडपलेल्या समलिंगी कामवासनेत शोधावे लागते. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, 'अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन' या तेथील धर्म-अध्यापकांच्या सर्वांत मोठ्या संस्थेने धर्मेतिहास या विषयातील उत्कृष्ट प्रथम ग्रंथाचा पुरस्कार त्याला दिला.

एक शतक आणि दोन वर्षे! एवढ्या काळात शिकागोत हिंदू धर्माविषयी बोलण्याचा अधिकार संन्याशाकडून प्राध्यापकाकडे गेला. तो आपोआप गेला नाही आणि कोणी चोरूनही नेला नाही. तो कसा गेला, तिकडे त्याचा वापर कसा झाला, आणि मुख्य म्हणजे इकडे आपण त्या काळात काय करीत होतो, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

तीन ग्रंथ, एक पद्धती

पहिला ग्रंथ आपल्या देव्हाऱ्यातील देवाविषयीचा. अटलांटा येथील एमरी विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले पॉल कोर्टराइट यांचा गणेशावरील प्रबंधग्रंथ १९८५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढला. त्याला प्रस्तावना होती शिकागोच्या वेंडी डॉनिगर यांची. महाराष्ट्रातील गणेशोपासना आणि सार्वजनिक गणेशोत्सव यांची दखल त्या ग्रंथात आहे, तेव्हा तो सर्वस्वी घरात बसून लिहिला, असे म्हणता येणार नाही. परंतु गजाननाचे शिर, त्याची सोंड आणि मोदकांची आवड यांचे जे अर्थ फ्रॉइडच्या परिभाषेत तेथे लावले आहेत, ते कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या या पानांवर उतरवून घेणे अशक्य आहे. पुराणांच्या नावे दिलेले काही संदर्भ मूळ ग्रंथांत तसे सापडत नाहीत, अशी तपशीलवार टीका पुढे अभ्यासकांनी केली. ती टीका व्हायला दीड तपाहून अधिक काळ लागला. या काळात तो ग्रंथ अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी गणपतीवरचा अधिकृत ग्रंथ होऊन बसला होता!

दुसरा ग्रंथ क्रायपाल यांचा. श्रीरामकृष्णांविषयीचा सर्वांत मोठा आधारग्रंथ म्हणजे महेंद्रनाथ गुप्त यांचे बंगालीतील 'कथामृत'. त्याचे स्वामी निखिलानंदांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९४२ साली निघाले. या भाषांतरात काही गोष्टी जाणूनबुजून झाकल्या आहेत आणि मूळ बंगाली वाचले की त्या उघड होतात, असा क्रायपाल यांचा दावा होता. मग मूळ बंगाली जाणणाऱ्याने तपासणी केली. बोस्टनच्या वेदान्त केंद्राचे स्वामी त्यागानंद यांनी २००० साली एक दीर्घ निबंध लिहून ओळीला ओळ लावली आणि शब्दांचे अर्थ कसे वळवले गेले आहेत, ते दाखवून दिले. पुढे २०१० मध्ये त्यांनी प्रव्राजिका व्रजप्राणा यांच्यासह त्या विषयावर संपूर्ण ग्रंथच सिद्ध केला.

त्यातले एकच उदाहरण घेऊ. 'मांडी' या अर्थाचा साधा बंगाली शब्द क्रायपाल यांना कामुकतेने डागाळलेले स्थान वाटला. मराठी वाचकाला येथे काही समजावून सांगण्याची गरज आहे काय? पित्याच्या मांडीवर बसू दिले नाही म्हणून पाच वर्षांचा ध्रुव रानात निघून गेला, ही कथा ज्या समाजात आजी नातवाला मांडीवर घेऊनच सांगते, त्या समाजाची भाषा ज्याला कळली नाही, त्याने त्या समाजाच्या महापुरुषाचे अंतर्मन उलगडून दाखवण्याचा पण केला होता. परमहंसांना कोणते विशेषण लावले, हा येथे खरा वादाचा मुद्दा नाही. पुरावा नसताना लावले, हा मुद्दा आहे. संशोधनाच्या न्यायालयात भावना दुखावल्याची तक्रार गौण ठरते. खोट्या साक्षीची तक्रार मात्र तेथे मुख्य असते.

तिसरा ग्रंथ तर महाराष्ट्राच्या काळजालाच हात घालणारा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या मॅकॅलेस्टर महाविद्यालयात धर्म-अध्ययन शिकवणारे जेम्स लेन यांचे शिवछत्रपतींवरील पुस्तक २००३ मध्ये ऑक्सफर्डने काढले. त्यात महाराजांच्या मातापित्यांविषयी एक निंद्य कुजबुज एका वाक्यात घुसडली होती. आधार काय? कागदपत्र नाही, बखर नाही, शकावली नाही. लोक विनोदाने असे म्हणतात, एवढाच आधार! जिजाऊ मातेसंबंधी असे वाक्य लिहिताना आधाराची गरज वाटू नये आणि ते तपासणाऱ्या संपादकांच्या लेखणीलाही अडखळावेसे वाटू नये, ही गोष्ट त्या एका वाक्यापेक्षा अधिक बोलकी आहे. श्री. बाबासाहेब पुरंदरे, डॉ. जयसिंगराव पवार, श्री. गजानन मेहेंदळे आणि श्री. निनाद बेडेकर या महाराष्ट्रातील मान्यवर इतिहासज्ञांनी प्रकाशकांना पत्र लिहून निषेध नोंदवला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकांनी पुस्तक भारतातून मागे घेतले.

देव, संत आणि राजा. तीन विषय, तीन लेखक. पद्धती मात्र एकच आहे. ज्याला समाज पूज्य मानतो, त्याच्या पूज्यतेचे कारण त्या समाजाला विचारायचे नाही. ते त्याच्या पाठीमागे, अंधारात शोधायचे आणि जे सापडेल त्याला 'दडलेला अर्थ' म्हणायचे. ही पद्धती एकदा स्वीकारली, की विरोध हाच पुरावा ठरतो. हिंदू संतापला, म्हणजे नस बरोबर सापडली! प्रतिवादाला जागाच न ठेवणाऱ्या अशा सिद्धांताला विज्ञान म्हणावे, की नव्या धाटणीची पोथीनिष्ठा?

वर्तुळ कसे बंद होते

यात कोणी कट रचला, असे आमचे म्हणणे नाही. कटाची गरजच पडत नाही, इतके हे वर्तुळ लहान आहे. डॉनिगर या १९८५ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजनच्या अध्यक्षा होत्या. शिकागोच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये मिर्चा एलियाडे यांच्या नावाच्या अध्यासनावरून त्यांनी अनेक दशके शिकवले आणि त्यांचे विद्यार्थी अमेरिकेतील निरनिराळ्या विद्यापीठांत अध्यापक झाले. गुरूने प्रस्तावना लिहायची, सहकाऱ्याने परीक्षण करायचे, संस्थेने गौरवायचे, आणि पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्याने तोच ग्रंथ संदर्भसूचीत घालायचा. ज्याची मातृभाषा ग्रंथाच्या मूळ साधनांची आहे किंवा ज्याची उपासना त्या ग्रंथाचा विषय आहे, अशा वाचकाने ग्रंथ तपासावा, असा टप्पा या साखळीत कोठेच येत नाही.

या वर्तुळाला बाहेरून पहिला मोठा धक्का २००२ मध्ये बसला आणि तो विद्यापीठातल्या कोणी दिला नव्हता. न्यू जर्सीचे श्री. राजीव मल्होत्रा हे संगणक आणि दूरसंचार क्षेत्रातील उद्योजक. त्यांनी या मंडळींच्या लेखनपद्धतीची चिकित्सा करणारा दीर्घ निबंध त्या वर्षी प्रसिद्ध केला. त्याच वर्षी श्री. संक्रांत सानू या संगणक-तज्ज्ञाने मायक्रोसॉफ्टच्या 'एन्कार्टा' ज्ञानकोशातील धर्मविषयक नोंदी शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांवरील नोंदी त्या धर्मांकडे आतून पाहणाऱ्या आणि आदराने लिहिलेल्या होत्या. हिंदू धर्मावरील डॉनिगर यांची नोंद मात्र विसंगती आणि विचित्रतेवर बोट ठेवणारी होती. मायक्रोसॉफ्टने ती नोंद काढून तेथे मॅक्गिल विद्यापीठाचे प्रा. अरविंद शर्मा यांची नोंद घातली. दगड उचलावा लागला नाही, मोर्चा काढावा लागला नाही. दोन नोंदी शेजारी ठेवून वाचण्याचे कष्ट कोणी तरी घेतले, एवढेच. या साऱ्या वादाचा साधार संग्रह 'इन्व्हेडिंग द सेक्रेड' या नावाने २००७ मध्ये भारतात प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ॲलन रोलंड यांनीही हिंदू विषयांवर फ्रॉइडची सूत्रे अशी सरसकट चिकटवण्याला आक्षेप घेतला आहे. ज्या शास्त्राचे नाव घेऊन हे सारे चालले, त्याच शास्त्राचा व्यावसायिक असा आक्षेप घेतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बोडेनचे मृत्युपत्र

आता यावर एक उत्तर ठरलेले असते. श्रद्धावंताला आपल्या धर्माचा तटस्थ अभ्यास करता येत नाही, म्हणून बाहेरचाच अभ्यासक हवा. हे उत्तर तत्त्व म्हणून मांडले जाते, पण ते सर्वांना सारखे लावले जाते काय? हार्वर्डचे आणि येलचे डिव्हिनिटी स्कूल घ्या. तेथे ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांत श्रद्धावंत ख्रिस्ती आहेत, दीक्षित धर्मोपदेशकही आहेत. ज्यू अध्ययनाच्या अध्यासनावर ज्यू विद्वान बसला, तर कोणाला नवल वाटत नाही. वाटूही नये. हिंदू अभ्यासक आपल्या उपासनेसह अध्यासनाकडे निघाला, की मात्र तटस्थतेचे दार लावून घेतले जाते.

या दाराचा इतिहास जुना आहे. ऑक्सफर्ड येथे संस्कृतचे बोडेन अध्यासन आहे. जोसेफ बोडेन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत नोकरी केलेला अधिकारी. त्याने १८११ च्या मृत्युपत्रात आपली संपत्ती या अध्यासनासाठी ठेवली, ती ख्रिस्ती धर्मग्रंथांचे ज्ञान पसरावे आणि हिंदुस्थानातील लोकांच्या धर्मांतराचे कार्य सुकर व्हावे, या उघड हेतूने. १८३२ साली होरेस हेमन विल्सन तेथे पहिले प्राध्यापक झाले. पुढे १८६० साली मोनियर विल्यम्स यांनी मॅक्सम्युल्लरचा पराभव करून ते पद मिळवले. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही आपल्या अभ्यासकांच्या मेजावर असतो, तेच हे विल्यम्स. देणगीदाराचा हा हेतू त्यांनी त्या कोशाच्या प्रस्तावनेत स्वतःच नोंदवून ठेवला आहे. ते अध्यासन आजही बोडेनच्याच नावाने चालते. देणगीदाराचा धार्मिक हेतू होता, म्हणून कोणी ती देणगी परत केली नाही.

आणि २०१६ मध्ये काय घडले? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत भारतीय धर्म आणि संस्कृती यांच्या अध्ययनासाठी चार अध्यासने स्थापन करण्यास 'धर्म सिव्हिलायझेशन फाउंडेशन' ही संस्था आणि तेथील भारतीय कुटुंबे पुढे आली होती. देणग्यांची बोलणी पूर्ण झाली होती. प्राध्यापकांनी विरोध केला, देणगीदारांची वैचारिक निष्ठा संशयास्पद ठरवली आणि विद्यापीठाने फाउंडेशनच्या देणग्या नाकारल्या. देणगीदाराने अध्यापकाच्या निवडीत ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व आम्हांलाही मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे, की ऑक्सफर्डला बोडेन चालला आणि अर्व्हाइनला गोदावरी-कावेरीकाठची कुटुंबे चालली नाहीत, या दोन निर्णयांना एका तराजूत कोणी कधी ठेवणार आहे काय?

गोरी कातडी हा निकष नव्हे

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आमचा आक्षेप परकीयाला नाही. महाराष्ट्राने तर या बाबतीत परकीय अभ्यासकांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करावे. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या मेंढवाड्यांपर्यंत गेले, ओव्या ऐकल्या, खंडोबाच्या उपासनेचा माग काढत गावोगाव हिंडले. ॲन फेल्डहाउस यांनी ॲरिझोनाच्या विद्यापीठात राहून महानुभावांचे गद्य अभ्यासले, डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या विद्वानाच्या सहकार्याने काम केले, आणि रा. चिं. ढेरे यांचा श्रीविठ्ठलावरील महाग्रंथ इंग्रजीत नेला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासकांचे सर्व निष्कर्ष आपल्याला रुचतीलच असे नाही. परंतु ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांची बोली शिकायची, त्यांच्याबरोबर चालायचे, त्यांच्यातील जाणत्याला गुरू करायचे, ही शिस्त त्यांनी पाळली. म्हणूनच त्यांच्या ग्रंथांतून वारकरी, धनगर आणि महानुभाव आपापल्या आवाजात बोलतात.

तेव्हा निकष गोऱ्या-काळ्याचा नाही. तो परिश्रमाचा आणि प्रामाणिकपणाचा आहे. हा निकष परक्यांना लावायचा, तर तो आपल्यालाही लावावा लागेल.

दगडाने काय साधले?

लेन यांचे पुस्तक मिनेसोटात लिहिले गेले, ऑक्सफर्डने छापले, आणि मार कोणी खाल्ला? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने! ५ जानेवारी २००४ रोजी तेथे जमाव घुसला. कपाटे फोडली, हस्तलिखिते फरशीवर फेकली. ज्या संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती ही संस्था. महाभारताची हजारो पाठभेदांची रास निवडून तिने जगासमोर ठेवली ती भारतीय विद्वत्तेची ध्वजाच. त्या ध्वजेवर दगड पडले. लेन यांच्या एका वाक्याने शिवछत्रपतींचे काहीही बिघडले नव्हते. त्या एका दुपारी मात्र जगभरातील त्या वर्तुळाला हवा असलेला हिंदू सापडला. त्यानंतर कोणी लेन यांना आधार विचारला नाही. सर्वांनी आपल्याला दगडांचा जाब विचारला.

कोर्टराइट यांच्या वेळीही तसेच घडले. २००३ मध्ये अमेरिकेतील हिंदू विद्यार्थ्यांनी सभ्य भाषेत निवेदन काढले, हजारोंनी सह्या केल्या. पण सह्यांच्या जागी काही अविचारी लोकांनी धमक्या लिहिल्या आणि चर्चा पुस्तकावरून धमक्यांकडे वळली.

बंदीचाही अनुभव वेगळा नाही. लेन यांच्या पुस्तकावर राज्य शासनाने २००४ मध्ये घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. डॉनिगर यांच्या 'द हिंदूज' या २००९ च्या ग्रंथाविरुद्ध श्री. दीनानाथ बत्रा यांनी न्यायालयाचा मार्ग धरला. तो सनदशीर मार्ग होता आणि तो अनुसरण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये पेंग्विनने तडजोड करून ग्रंथ मागे घेतला. परंतु दुसऱ्या प्रकाशकाने २०१५ मध्ये तो पुन्हा भारतात आणला. पुस्तक मागे घेतले गेले म्हणजे ते खोडले गेले, असे नव्हे. क्रायपाल यांचा ग्रंथ कोणी जाळला नाही. तरीही आज त्या ग्रंथाचा उल्लेख करताना त्यागानंदांचे नाव घ्यावेच लागते. ग्रंथाला ग्रंथाने दिलेले उत्तर ग्रंथालयात त्याच्याच शेजारी जाऊन बसते आणि पुढच्या विद्यार्थ्याची वाट पाहते.

आपल्या घरातील रिकामे अध्यासन

पण उत्तर देणारा ग्रंथ लिहिणार कोण? येथे आपल्याच अंगणात यावे लागते.

अमेरिकेतही राज्य आणि चर्च यांची फारकत आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली शाळांतील सक्तीचे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले आणि त्याच निकालात धर्माविषयीच्या वस्तुनिष्ठ अध्ययनाला मुभा असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर तेथील सरकारी विद्यापीठांतून धर्म-अध्ययनाचे विभाग झपाट्याने निघाले. आपल्या राज्यघटनेचा २८ वा अनुच्छेद शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणाला मज्जाव करतो. आपण मात्र त्याचा अर्थ असा लावला, की विद्यापीठाने धर्माकडे पाहूच नये! डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ आयोगाने १९४८-४९ मध्ये पदवीच्या वर्गांत धर्मपुरुषांची चरित्रे आणि धर्मग्रंथांतील वेचे शिकवावेत, असे सुचवले. पुढे श्रीप्रकाश समितीनेही धार्मिक आणि नैतिक शिक्षणाची बाजू मांडली. हे श्रीप्रकाश त्या काळात मुंबई राज्याचे आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल होते. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतला भेद नेमका सांगितला. अहवाल आले आणि कपाटात गेले. अखेर १२ सप्टेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले, की धर्मांचे अध्ययन घटनेच्या विरोधात नाही. म्हणजे कायद्याची अडचण कधी नव्हतीच. होती ती भीती, आणि त्या भीतीला दिलेले 'सेक्युलर' हे नाव.

पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने १९६७ साली धर्म-अध्ययनाचा विभाग काढला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात सार्वजनिक निधीवर इस्लामी धर्मविद्येची विद्याशाखा चालते. सेरामपूर महाविद्यालयाच्या सनदेनुसार ख्रिस्ती धर्मविद्येच्या पदव्या दिल्या जातात. या कोणाविषयीही तक्रार नाही, उलट त्यांनी आपापल्या परंपरेची काळजी घेतली, याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु ज्या महाराष्ट्राने महामहोपाध्याय पां. वा. काणे दिले, त्या महाराष्ट्राचे काय? काण्यांनी मुंबईत वकिली करीत १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले, आणि १९६३ मध्ये ते भारतरत्न झाले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली धर्मकोशाचे प्रचंड कार्य उभे केले. ही माणसे कोणत्याही धर्म-अध्ययन विभागाच्या आधाराविना उभी राहिली. त्यांच्या मागे रांग का लागली नाही, याचे उत्तर घरोघरच्या दहावीच्या निकालानंतरच्या संभाषणात दडलेले आहे. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाने संस्कृत, पाली किंवा मोडी शिकायचे ठरवले, तर आपल्या घरात सुतकाची कळा येते. आपली हुशार मुले आपण अभियांत्रिकीला पाठवली आणि आपले देव शिकागोच्या प्राध्यापकांकडे सोपवले!

अलीकडे वारे बदलत आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जानेवारी २०२२ मध्ये हिंदू अध्ययनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये अध्यापक-पात्रतेच्या नेट परीक्षेत हा विषय आला. दिल्ली विद्यापीठाने २०२३ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला, तर २०२४ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने हिंदू, बौद्ध आणि जैन अध्ययन केंद्रांची घोषणा केली. आनंदाची गोष्ट आहे. परंतु फलक लावल्याने विभाग होत नाही. या अध्यासनांवर केवळ घोषणा देणारा मनुष्य बसला, तर शिकागोला दुसरे भांडारकर प्रकरण मिळेल, एवढेच. तेथे बसणाऱ्याला संस्कृत हवे, एखादी प्राकृत हवी, एखादी प्रादेशिक भाषा तिच्या जुन्या लिपीसह हवी, पाठचिकित्सा हवी, आणि समोरच्याची परिभाषा त्याच्याहून चांगली अवगत असण्याची तयारी हवी. त्याने आपल्या परंपरेतील उणिवांवरही बोट ठेवले पाहिजे. काण्यांनी ते ठेवले, तर्कतीर्थांनी ठेवले, आणि म्हणूनच त्यांचा शब्द जगाने मानला.

मागणे तीन

महाराष्ट्र शासनाकडे आणि विद्यापीठांकडे मागणे असे, की संतांच्या नावाची अध्यासने केवळ पुण्यतिथीच्या व्याख्यानांपुरती न ठेवता राज्यातील एका तरी विद्यापीठात पूर्ण सामर्थ्याचा धर्म-अध्ययन विभाग उभारावा. देवस्थाने आणि गणेशोत्सव मंडळे यांच्याकडे मागणे असे, की रोषणाईच्या खर्चातून दरवर्षी एका संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बाजूला काढावी. ज्या गजाननाच्या सोंडेवर परक्यांनी प्रबंध लिहिले, त्याच्या मंडपातून एक अभ्यासक निघावा, यापरता नैवेद्य कोणता? आणि तिसरे मागणे आहे ते तुमच्या-आमच्या घरांकडे. घरातील एखाद्या मुलीला, एखाद्या मुलाला या वाटेने जावेसे वाटले, तर त्याची समजूत घालायला नातेवाइकांची सभा भरवू नये. त्याच्या पाठीवर हात ठेवावा.

न्यू जर्सीतल्या मराठी घरातील मुलगी उद्या महाविद्यालयात जाईल आणि हिंदू धर्माचा तास निवडेल. ती आजीच्या आरत्या ऐकत वाढलेली असेल. तिच्यापुढे जे पुस्तक ठेवले जाईल, त्यातला गणपती तिने आजीच्या देव्हाऱ्यात कधी पाहिलेला नसेल. ती प्राध्यापकाशी वाद घालू शकणार नाही, कारण तिच्या हाती त्या तोडीचे दुसरे पुस्तक नसेल. हळूहळू तिला पुस्तक खरे आणि आजी भाबडी वाटू लागेल. हे नुकसान कोणत्याही बंदीने भरून येत नाही आणि कोणत्याही दगडाने थांबत नाही. ते थांबवणारे दुसरे पुस्तक लिहावे लागेल, आणि ते आपल्यापैकीच कोणाच्या तरी मुलाने लिहायचे आहे.